गॅस गिझर सर्व्हिसिंग: काम चांगलं, पण दिसलेलं सांगितलं नाही

दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, जुळे सोलापूर भागातलंय एवढंच. गड्ड्याची जत्रा चालू होती, पहाटे कडक थंडी आणि गिझर पेटायला तीन तीनदा नळ बंद-चालू करावा लागायचा म्हणून फोन केला, त्याच दिवशी दुपारी पोरगा आला. कामाला नाव ठेवायला जागा नाही, बर्नर काढून ब्रश मारला, दोन मोठे सेल बदलले, ज्योत पिवळी यायची ती निळी करून दाखवली. साडेचारशे घेतले, बिल पण दिलं.

आता मेन मुद्दा. आमचा गिझर बाथरूमच्या आतच, आणि थंडी येती म्हणून वरच्या झरोक्यात मीच चादरीच्या खोक्याचा पुठ्ठा खोचून बसवला होता. ती चूक माझी, शंभर टक्के माझी. पण त्या पोरानं टॉर्च ठेवायला जागा हवी म्हणून तो पुठ्ठा काढला आणि काम झाल्यावर परत तसाच दाबून बसवला, मी दारातच उभा होतो. एक शब्द बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आई आंघोळीला गेली ती बाहेरच येईना. हाक मारली तर ओ नाही, नुसता बादलीत पाणी पडल्याचा आवाज. कडी तोडून आत गेलो तर पाटावरून कलंडून भिंतीला टेकलेली. दवाखान्यात ऑक्सिजन लावला, संध्याकाळी बोलायला लागली, आता बरी आहे. डॉक्टर म्हणाले बंद जागेत गॅस जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला ना रंग ना वास, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट चिकटतो, डोकं जड होतं, मळमळतं आणि माणसाला कळायच्या आत शुद्ध जाते.

दुकानात गेलो तर मालक म्हणाले, "काका, पुठ्ठा आमच्या पोरानं लावला का? तुम्हीच लावला. सर्व्हिसिंगमधी काय बिघडलंय ते दाखवा." आणि खरंच काही बिघडलं नव्हतं, म्हणूनच चार दिवस ते डोक्यातून जाईना. त्यांनी काहीच केलं नाही, मग मला राग कशाचा येतोय?

पुतणी फिलॉसॉफी शिकती, तिनं जेम्स रेचल्स या अमेरिकन प्राध्यापकाचं १९७५ सालचं उदाहरण सांगितलं. एक जण पैशासाठी सहा वर्षांच्या चुलत भावाला टबात बुडवून मारतो, दुसरा तेच करायला जातो पण पोरगं आपलं आपणच घसरून डोकं आपटून बुडतं आणि हा नुसता बघत उभा राहतो, तर दुसऱ्याला पहिल्यापेक्षा चांगला म्हणायचं का? ते मला पटलं, पण आमच्याकडं पूर्ण लागू होत नाही, कारण त्या दोघांना पोर मेलेलंच हवं होतं आणि इथं कुणाच्या मनात वाईट नव्हतं. माझा मेव्हणा जत्रेला आलेला, तोही त्याच बाथरूममध्ये आंघोळ करून गेला, पुठ्ठा त्यानंही बघितला, पण त्याच्यावर माझा राग नाही. त्याला त्यातलं कळत नाही आणि तपासायला कुणी बोलवलं पण नव्हतं. यांना मी पैसे देऊन त्यासाठीच बोलवलं होतं की ओ. ज्याला कळतं त्याच्याच हातात तो पुठ्ठा होता आणि त्यानं तो परत बसवला, याला "काही केलं नाही" असं मला म्हणवत नाही.

दोन दिवसांनी तो पोरगा एकटाच घरी आला, जिन्यातच उभा राहून आईची चौकशी केली. म्हणाला, "मला दिसलं होतं ओ काका, पण मालक म्हणतात घरातलं काही बोलायचं नाही, गिऱ्हाईक तुटतं." आईनंच त्याला आत बोलवून चहा दिला.

गिझर आता दुसऱ्याकडून बाहेर गॅलरीत काढून घेतलाय, झरोका उघडा. या दुकानाला दोन स्टार, दोन्ही हातातल्या कामाचे. बोलवणार असाल तर माणूस जायच्या आधी स्वतःहून विचारा, हवा जायला जागा बरोबर आहे का म्हणून, विचारल्याशिवाय तिथं सांगत नाहीत.