लोरा संच : अकरा महिन्यांचा वापर आणि बॅटरीचा खोटा आकडा

ऑगस्ट २०२४ मध्ये वडोदऱ्यात विश्वामित्री नदीने धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी ३५ फुटांच्याही वर गेले, तेव्हा कारेलीबागेतल्या आत्यांशी आमचा दीड दिवस संपर्क नव्हता. त्यांचा मोबाइल चार्ज केलेला होता, पण टॉवर बंद पडला होता. पुरात टॉवर सहसा कोसळत नाही. वीज जाते, त्याच्या बॅटऱ्या काही तासांत संपतात आणि जनरेटरचे डिझेल पाण्यातून पोहोचत नाही. जून २०२३ मध्ये बिपरजॉय वादळाच्या वेळी कच्छ आणि आसपासच्या जिल्ह्यांत कोणत्याही कंपनीच्या चालू नेटवर्कवरून बोलण्याची मुभा दिली होती. सोय मोलाची आहे, परंतु तिलाही एक तरी टॉवर चालू असावा लागतो.

म्हणून नोव्हेंबरमध्ये मी तीन लोरा संच घेतले. लोरा म्हणजे कमी विजेवर लांबवर पोहोचणारा रेडिओ, आणि मेशटॅस्टिक हे त्यांतले सॉफ्टवेअर टॉवरशिवाय एका संचाचा संदेश दुसऱ्याकडे पुढे पाठवते. एक दांडिया बाजारात आमच्याकडे, एक आत्यांकडे आणि मधला सलाटवाड्यात भाच्याच्या गच्चीवर ठेवला. ते वापरतात तो ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त आहे. या संचांवरून बोलता येत नाही, छोटे लेखी संदेश जातात. गच्चीवरचा संच बसल्यापासून आत्यांकडे संदेश पोहोचल्याची पोचपावती नियमित येते.

माझी तक्रार बॅटरीच्या आकड्याची आहे, आणि ती मला क्षुल्लक वाटत नाही, कारण टॉवर ज्या कारणाने बंद पडतो त्याच कारणाने हा संचही बंद पडणार असेल तर तो घेण्यात अर्थ काय? जानेवारीत गच्चीवरचा संच शंभर टक्के दाखवत असतानाच गप्प झाला. मल्टिमीटर लावला तर सेल ३.१ व्होल्टवर होता. पूर्ण भरलेला असता तर ४.२ दिसायला हवे होते. तेव्हापासून मी तिन्ही संचांचे व्होल्टेज रोज रात्री वहीत लिहू लागलो. विक्रेत्याने दोष सॉफ्टवेअरचा असल्याचे सांगून हात झटकले आणि संच परत पाठवायचा कुरिअरचा खर्चही माझ्याच माथी मारला. सेल मी बाजारातून आणून बदलला, पण आकडा खोटाच राहिला.

येथपर्यंतचा मजकूर मे महिन्यात लिहिला होता. त्यातले एक मत आता मागे घेतो. संचाच्या मोबाइल अॅपच्या सेटिंगमध्ये व्होल्टेज मोजण्याचा एक गुणक असतो. मल्टिमीटरवरचा आकडा आणि संचाचा आकडा जुळेपर्यंत तो बदलला, तेव्हा टक्केवारी ताळ्यावर आली. म्हणजे यंत्र वाईट नव्हते. विकण्यापूर्वी ते जुळवून देण्याचे पाच मिनिटांचे काम विक्रेत्याने केले नव्हते. त्याच्यावरचा राग मात्र कायम आहे.

जुलैमध्ये एका रात्री मुसळधार पावसात वीज सात तास गेली आणि मोबाइलची रेंजही गेली. पावणेतीन वाजता आत्यांचा संदेश आला : ‘वीज नाही. इन्व्हर्टर संपला. मी ठीक आहे, तुम्ही झोपा.’ त्यांच्या संचावर त्या वेळी ७१ टक्के होते, आणि या वेळी मी त्या आकड्यावर विश्वास ठेवला.

ज्यांना घ्यायचा असेल त्यांनी कमी वीज खाणाऱ्या एनआरएफ चिपचा संच घ्यावा. माझ्या संचांत जास्त वीज खाणारी ईएसपी३२ चिप आहे आणि संच एका सेलवर जेमतेम दीड दिवस काढतो. स्वस्त पडला म्हणून घेतला, आणि ती बचत आता जादा सेल विकत घेण्यात खर्च होत आहे. आत्यांच्या पहिल्या मजल्यावरच्या कपाटात, बिस्किटांच्या डब्यात, चार भरलेले सेल ठेवले आहेत. प्रत्येकावर चिकटपट्टी लावून चार्ज केल्याची तारीख आत्यांनी स्वतःच्या हाताने लिहिली आहे.