पांढऱ्या वेष्टनातली तीस गाणी आणि रॉकच्या फुटणाऱ्या फांद्या

रॉक संगीताच्या उपप्रकारांचे वंशवृक्ष अनेक ठिकाणी पाहायला मिळतात. मुळाशी रिदम अँड ब्लूज आणि कंट्री, त्यावर रॉक अँड रोलचे खोड आणि मग ब्लूज रॉक, सायकेडेलिक, हार्ड रॉक, प्रोग्रेसिव्ह, हेवी मेटल, पंक अशा फांद्या, प्रत्येक आपापल्या चौकटीत. असे तक्ते पाठ झाले तरी फांदी फुटते त्या क्षणी नेमके काय घडते, हे त्यांतून कळत नाही. ज्यांना ते कानांनी समजून घ्यायचे आहे, त्यांच्यासाठी एक संच मी सुचवणार आहे. जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार या चौघांच्या 'द बीटल्स' या इंग्लिश बँडने २२ नोव्हेंबर १९६८ रोजी स्वतःच्याच नावाने काढलेली, पण कोऱ्या वेष्टनामुळे जगभर 'व्हाइट अल्बम' म्हणून ओळखली जाणारी दोन तबकड्यांची जोडी पन्नाशीच्या निमित्ताने ९ नोव्हेंबर २०१८ रोजी नव्याने प्रसिद्ध झाली. तिच्या सर्वांत मोठ्या आवृत्तीत सहा सीडी, एक ब्लू-रे आणि १६४ पानांचे बांधीव पुस्तक आहे. गेले काही आठवडे तो संच मी क्रमाने ऐकत आहे.

हा अल्बम मी प्रथम ऐकला तो मुंबईत काळा घोडा येथे असलेल्या आणि २०१६ साली बंद झालेल्या 'ऱ्हिदम हाऊस' या दुकानातून आणलेल्या कॅसेटवर. त्या वयात त्याने माझा पुरता हिरमोड केला होता. एका गाण्यात पंजोबांच्या काळातल्या नाटकगृहाचे संगीत, त्याच्या आगेमागे कर्कश गिटार, मध्येच कोणी तरी 'नंबर नाइन' असे पुन्हा पुन्हा म्हणतो आणि आठ मिनिटे गाणे म्हणून काही सुरूच होत नाही. चौघांनी उरलेसुरले एका डब्यात भरून विकले असावे, असे माझे मत झाले होते. आज त्याच विस्कळीतपणासाठी मी हा संच विकत घेतला, कारण १९६८ च्या उत्तरार्धात रॉक ज्या ज्या दिशांना निघाले होते, त्यांतील बहुतेकींचा आरंभ या तीस गाण्यांत सापडतो.

'बॅक इन द यूएसएसआर' चक बेरी यांच्या १९५९ सालच्या गाण्याची थट्टा करत थेट रॉक अँड रोलच्या मुळाशी जाते आणि त्यावर कॅलिफोर्नियाच्या बीच बॉइज धर्तीचे समूहस्वर चढवते. 'ओब-ला-दी, ओब-ला-दा' जमैकाच्या 'स्का' या नृत्यसंगीताचा ठेका उचलते, 'डोन्ट पास मी बाय'मध्ये कंट्रीचे फिडल आहे आणि 'पिगीज'मध्ये चक्क हार्प्सिकॉर्ड हे पियानोपूर्व काळातले वाद्य. यांना मी फार महत्त्व देत नाही. ती मोठ्या कलावंतांनी सहज केलेली नक्कल आहे. 'यर ब्लूज'ची गोष्ट मात्र वेगळी. त्या वर्षी इंग्लंडमध्ये गोऱ्या तरुणांनी वाजवलेल्या ब्लूजला, म्हणजे मुळात कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या संगीताला, उधाण आले होते आणि लेनन यांनी गाणे लिहिले ते काहीसे त्याची टर उडवत. परंतु चौघांनी स्टुडिओचे मोठे दालन सोडून कंट्रोल रूमलगतच्या एका चिंचोळ्या खोलीत वाद्यांसह स्वतःला कोंबून घेतले आणि एकमेकांच्या माइकमध्ये एकमेकांचे आवाज सांडू दिले, तेव्हा त्या टवाळीचे खऱ्या आर्ततेत रूपांतर झाले. 'हॅपिनेस इज अ वॉर्म गन' तर पावणेतीन मिनिटांत तीन-चार वेगळ्या गाण्यांचे तुकडे जोडते आणि मध्येच मात्रांचा हिशेब बदलते. पुढे प्रोग्रेसिव्ह रॉकच्या मंडळींना याच कामासाठी तबकडीची अख्खी बाजू लागू लागली. दोन्हींत मला काय आवडते, हे वेगळे सांगायला नको.

आपल्याकडच्या श्रोत्याला उपप्रकार म्हटले की घराणी आठवतात, पण ही तुलना फार ताणू नये. घराणे गुरूकडून शिष्याकडे जाते आणि गायक ते अभिमानाने सांगतो. रॉकच्या उपप्रकाराचे नाव बहुधा नंतर, समीक्षक आणि दुकानदार यांच्या सोयीसाठी पडते. ज्यांच्यामुळे ते पडले, त्यांना ध्वनिमुद्रणाच्या दिवशी फक्त गाण्याची लय किती ठेवायची, अँप्लिफायर किती ओढायचा आणि खोलीत किती माणसे हवीत, एवढेच ठरवायचे असते. या संचाच्या शेवटच्या तीन सीडींवर ते ठरवणे चालू असताना ऐकू येते.

याचा सर्वांत ठळक नमुना 'हेल्टर स्केल्टर'. 'द हू' या बँडचे पीट टाउनशेंड यांनी आपले एक नवे गाणे किती दणदणीत झाले आहे, याचे मुलाखतीत केलेले वर्णन मॅकार्टनी यांनी वाचले आणि गाणे न ऐकताच त्याहून गोंगाटाचे काही करायचे ठरवले, असे त्यांनी स्वतः अनेकदा सांगितले आहे. १८ जुलै १९६८ रोजी त्यांनी जे वाजवले, त्याचा दुसरा टेक, म्हणजे एकदा सलग वाजवून केलेले मुद्रण, या संचात जवळजवळ तेरा मिनिटांचा आहे. १९९६ साली त्याचा केवळ एक तुकडा बाहेर आला होता, पूर्ण स्वरूपात तो प्रथमच येथे मिळतो. जे गाणे आपल्याला ठाऊक आहे, ते यात शोधूनही सापडत नाही. लय अतिशय संथ, ड्रमचा प्रत्येक ठोका पुढच्या ठोक्यापर्यंत लोंबकळत राहणारा आणि गिटारची जड, एका स्वराभोवती घोटाळणारी ओळ पुन्हा पुन्हा येणारी. आवाज चढत नाही, फक्त दाटत जातो. डोळे मिटून कोणाला ऐकवले, तर तो याला डूम मेटल, म्हणजे हेवी मेटलचा संथ, जड प्रकार, म्हणेल. त्यानंतर सुमारे सात आठवड्यांनी, ९ सप्टेंबरला, तेच गाणे पुन्हा घेतले गेले आणि ते अल्बमवर आले: लय जवळजवळ धावती, गळा फाटेपर्यंतचा आवाज, शेवट एकदा विरून पुन्हा उसळणारा आणि सर्वांत अखेरीस बोटांना फोड आल्याची रिंगो स्टार यांची प्रसिद्ध आरोळी. ही आरोळी स्टीरिओ आवृत्तीतच आहे, सर्व आवाज एकाच वाहिनीत असलेल्या मोनो आवृत्तीत नाही.

या दोन टेकमधून दोन वाटा निघालेल्या दिसतात. संथ वाट बर्मिंगहॅमच्या 'ब्लॅक सॅबथ'च्या १३ फेब्रुवारी १९७० रोजी आलेल्या पहिल्या अल्बमच्या दिशेने जाते आणि धावती वाट पुढे पंककडे. मात्र येथेच वंशवृक्षाचा तक्ता फसतो. सॅबथच्या मंडळींनी जुलैमधला तो टेक ऐकलेला असणे शक्य नव्हते, कारण तो कपाटात बंद होता. ब्लूजची लय उतरवून अँप्लिफायरचा आवाज चढवला, की कोणीही त्याच ठिकाणी पोहोचत होता. एकाच पाण्याला दोन गावांत दोन विहिरी लागाव्यात, तसे. सप्टेंबरमधला टेक मात्र सर्वांनी ऐकला आणि ज्याने त्याने आपल्याला हवे ते त्यातून उचलले. १९७८ साली 'सूझी अँड द बॅनशीज'ने तो पोस्ट-पंकच्या, म्हणजे पंकनंतर आलेल्या प्रकाराच्या, कोरड्या, तुटक ढंगात वाजवला. १९८३ मध्ये 'मॉटली क्रू'ने लॉस एंजेलिसच्या झगमगीत मेटलचा साज त्याला चढवला. १९८८ मध्ये 'यू टू'नेही त्यावर हात फिरवला. बॅनशीजनी १९८३ मध्ये याच अल्बममधले 'डिअर प्रूडन्स'ही घेतले आणि ते इतके धूसर, गूढ करून टाकले की गॉथ मंडळींना, म्हणजे काळोख्या, उदास रॉकच्या चाहत्यांना, ते आपलेच वाटावे.

'डिअर प्रूडन्स'चे मूळ मात्र ऋषिकेशचे आहे. १९६८ च्या फेब्रुवारीत चौघे महर्षी महेश योगी यांच्या आश्रमात आले. रिंगो साधारण दहा दिवसांत परतले, पण इतर तिघांनी तेथे भराभर गाणी रचली. ध्यानाच्या खोलीबाहेर यायला तयार नसलेल्या प्रूडन्स फॅरो यांना आर्जवे करणारे हे गाणे त्यांतलेच. सोबत फक्त साध्या गिटारी होत्या आणि तिथेच असलेले गायक डोनोव्हन यांनी लेनन यांना बोटांनी तारा छेडण्याची रीत शिकवली, त्यामुळे 'डिअर प्रूडन्स' आणि 'जूलिया' यांचा पोतच वेगळा झाला. गंमत अशी की भारतात एवढी गाणी रचली गेली, तरी अल्बमच्या तीस गाण्यांत सतार नाही आणि तबलाही नाही. त्या प्रयोगाचा बहर तोवर ओसरला होता. त्याचा अखेरचा चांगला नमुना संचाच्या सहाव्या सीडीवर गाण्याविना, केवळ वाद्यांचा, मिळतो: जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसन यांनी मुंबईत, फोर्टातल्या फिरोजशहा मेहता रस्त्यावरच्या एचएमव्हीच्या स्टुडिओत मुद्रित केलेला 'द इनर लाइट'. हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी आणि आशिष खान यांचा सरोद त्यात आहे. गायन काढून घेतल्यावर ही रचना रॉकच्या कोणत्याच चौकटीत बसत नाही आणि मला ती त्यामुळेच अधिक भावली.

तिसऱ्या सीडीवर ऋषिकेशहून परतल्यानंतर मे महिन्याच्या अखेरीस हॅरिसन यांच्या इंग्लंडमधल्या इशर येथील घरी केलेली २७ कच्ची ध्वनिमुद्रणे आहेत. संचातला सर्वांत मोलाचा भाग कोणता असे विचाराल, तर हाच. गिटारी, टाळ्या, कोणाचे तरी हसणे आणि घरगुती चार-ट्रॅकी यंत्राची खरखर. पुढे ऐंशी-नव्वदच्या दशकांत अनेक बँडनी हा घरगुती कच्चेपणा ठरवून स्वीकारला आणि त्याला लो-फाय असे नावही मिळाले. येथे तो निव्वळ टिपणवहीचा आहे. 'चाइल्ड ऑफ नेचर' ही लेनन यांची ऋषिकेशच्या वाटेची चाल येथे ऐकून ती ओळखीची वाटेल, कारण १९७१ मध्ये त्यांनी तिलाच नवे शब्द घालून 'जेलस गाय' केले.

मूळ अल्बमचे नवे मिश्रण (मिक्स) जाइल्स मार्टिन आणि सॅम ओकेल यांनी केले आहे. जाइल्स हे मूळ निर्माते जॉर्ज मार्टिन यांचे चिरंजीव. जुन्या स्टीरिओत वाद्ये एखाद्या कोपऱ्यात ढकलल्यासारखी वाटत. आता ड्रम आणि बास यांना मध्यभागी जागा मिळाली आहे आणि जड गाण्यांना वजन आले आहे. याचा सर्वाधिक लाभ 'लाँग, लाँग, लाँग' या अतिशय हळुवार गाण्याला झाला. त्याच्या शेवटी ऑर्गनच्या एका स्वराबरोबर स्पीकरच्या पेटीवर ठेवलेली वाइनची बाटली थरथरू लागते आणि ती थरथर त्यांनी तशीच राहू दिली. कॅसेटवर मला ती टेपचा बिघाड वाटली होती. आता काच लाकडावर नाचते आहे, हे स्पष्ट कळते. 'हेल्टर स्केल्टर'च्या लगेच नंतर हे गाणे येते, त्यामुळे हात आपोआप आवाज वाढवायला जातो. हा क्रम लावणाऱ्याला दाद द्यायला हवी.

उणिवाही आहेत. मूळ मोनो मिश्रण केवळ ब्लू-रेवर दिले आहे, त्यामुळे ज्यांच्या घरी तसा प्लेअर नाही, त्यांना ते मिळूनही न मिळाल्यासारखे आहे. चौथ्या ते सहाव्या सीडींवर नुसते वाद्यांचे मागचे ट्रॅक बरेच आहेत आणि ते एकदा ऐकून पुरतात. याउलट 'गुड नाइट'चा दहावा टेक अवश्य ऐकावा. अल्बमवर हे गाणे हॉलिवूडच्या धर्तीच्या व्हायोलिनांनी गुदमरले आहे. येथे एक गिटार, रिंगो यांचा आवाज आणि मागून इतरांचे समूहस्वर एवढेच आहे. याच वर्षी ऑगस्टमध्ये रिंगो वैतागून बँड सोडून गेले होते आणि काही दिवसांनी परतले, तेव्हा त्यांचे ड्रम फुलांनी सजवलेले होते. बँडमधल्या दुराव्याच्या सर्व कहाण्या ठाऊक असताना हे समूहस्वर ऐकणे अवघड जाते. पुस्तक देखणे आहे, त्यातल्या हस्तलिखित गीतांसाठी भिंग घ्यावे. माझ्याकडे आलेल्या प्रतीचा एक कोपरा वाहतुकीत चेपला होता आणि शुभ्र पांढऱ्या पुठ्ठ्यावर तो लपत नाही.

किंमत एका बऱ्यापैकी गिटारीइतकी आहे, त्यामुळे केवळ अल्बम आणि इशरची ध्वनिमुद्रणे देणारी तीन सीडींची आवृत्ती बहुतेकांना पुरेल, असे मी मित्रांना सांगतो. फक्त तीत जुलैमधला तो तेरा मिनिटांचा टेक नाही आणि मुंबईची बासरीही नाही.