सीमेकचं ‘इक्वल’: आठ महिन्यांनंतर

कोडपासून प्रोग्रॅम तयार करण्यासाठी, म्हणजे बिल्डसाठी, ‘मेक’ या साधनाच्या जुन्या सूचना-फाइली (मेकफाइली) सोडून सीमेक या दुसऱ्या साधनावर आलो, त्याला आठ महिने झाले. मेकच्या ‘इफइक्यू’ला, म्हणजे ‘दोन्ही सारखे आहेत का’ या अटीला, आकडा ही चीजच ठाऊक नाही. ते अक्षरं जुळवतं, त्यामुळे त्याच्या लेखी ०८ आणि ८ वेगळे. (जीएनयू मेकच्या ४.४ मध्ये, म्हणजे २०२२ साली, पूर्णांकांची तुलना करणारं ‘इंटसीएमपी’ आलं; आमच्या बिल्ड मशीनवरचं मेक त्याहून जुनं.) सीमेकमध्ये आकड्यांसाठी ‘इक्वल’, मजकुरासाठी ‘स्ट्रइक्वल’ आणि आवृत्त्यांसाठी ‘व्हर्जन_इक्वल’ अशी सोय दिसली, तेव्हा हायसं वाटलं.

पहिला दणका तिसऱ्याच आठवड्यात. प्रोग्रॅमला लागणाऱ्या लायब्ररीची (तयार कोडच्या संचाची) आवृत्ती ३.१० आहे का, हे मी ‘इक्वल’ने तपासत होतो. ते दोन्ही बाजू सी भाषेतल्या डबलसारख्या (मर्यादित अचूकतेच्या दशांश आकड्यासारख्या) वाचतं, म्हणजे ३.१० आणि ३.१ एकच! जुनी लायब्ररी असलेल्या मशीनवर अट बिनबोभाट खरी ठरली आणि बिल्ड थेट लिंकिंगला, म्हणजे सगळे तुकडे जोडण्याच्या टप्प्यावर, कोसळला. चूक माझीच. ‘व्हर्जन_इक्वल’ ठिपक्यांमधला एकेक आकडा सुटा पाहतं. तिथे हे दोन वेगळे, आणि १ व १.० मात्र सारखे.

तेव्हापासून अटींसाठी ‘सीमेक -पी’ने (बिल्ड न करता नुसती स्क्रिप्ट चालवणाऱ्या कमांडने) चालणारी छोटी चाचणी-फाइल ठेवली आहे. चूक सापडली की ‘सेंड_एरर’, म्हणजे एरर दाखवून पुढे चालू. ‘फेटल_एरर’ पहिल्याच चुकीला थांबतो, मला सगळ्या एकदम हव्या असतात.

सर्वात जास्त छळलं ते किंमत न दिलेल्या व्हेरिएबलने. नाव नुसतं लिहिलं तर सीमेक त्या नावालाच मजकूर समजतं, त्यातून आकडा निघत नाही, अट खोटी. ना एरर, ना वॉर्निंग. डॉलर आणि महिरपी कंसात, अवतरणाशिवाय लिहिलं तर जागा रिकामी राहते आणि ‘इफ’ तक्रार करून थांबतं. नुसतं नाव लिहिणं नीटनेटकं मानतात खरं, पण मला हा आरडाओरडा परवडतो. बाहेरची कमांड चालवणाऱ्या ‘एक्झिक्यूट_प्रोसेस’चा निकालही (यश म्हणजे ०) असाच दगा देतो: कमांड सुरूच झाली नाही तर आकड्याऐवजी एररचा मजकूर हाती येतो. मग ‘शून्याहून मोठा आहे का’ या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’, आणि फसलेली कमांड पास! आता मी सगळीकडे ‘नॉट … इक्वल ०’च लिहितो.

चाचणी-फाइलीतली सर्वात ताजी ओळ गेल्या आठवड्यातली: ९००७१९९२५४७४०९९२ आणि ९००७१९९२५४७४०९९३. डबलमध्ये दोन्ही एकच ठरतात, म्हणून लांबलचक बिल्ड आयडी आता ‘स्ट्रइक्वल’कडे.