अडकलेले पैसे : दिवाणी दावा की ग्राहक आयोग?

दुकानदाराकडे किंवा ठेकेदाराकडे लाखाच्या आतली रक्कम अडकली आणि नोटिशीलाही उत्तर आले नाही, की दिवाणी न्यायालयातील वसुलीचा दावा आणि जिल्हा ग्राहक आयोगातील तक्रार असे दोन मार्ग समोर येतात. मुंबईचे लघुवाद न्यायालय नावावरून जवळचे वाटते. पण तेथे मुख्यतः घरमालक-भाडेकरूंचे वाद चालत असल्याने ते येथे बाजूला ठेवतो. उरलेले दोन्ही मार्ग मी स्वतः चालून पाहिले आहेत.

पहिला दावा फर्निचरच्या ३८,००० रुपयांचा होता. दिवाणी दावा प्रतिवादी राहतो वा धंदा करतो तेथे, अथवा वादाचे कारण घडले तेथे लावावा लागतो. माझा व्यवहार दुकानदाराच्याच शहरात ठरला होता, पैसेही तेथेच दिले होते. त्यामुळे प्रत्येक तारखेला रजा टाकून पहाटेची एसटी धरायची, दुपारी पुकारा होईपर्यंत बाकावर बसायचे आणि समन्स बजावले गेले नाही किंवा कैफियतीसाठी (प्रतिवादीच्या लेखी उत्तरासाठी) मुदत मागितली एवढेच ऐकून रात्री घरी परतायचे, असे नऊ वेळा झाले. कोर्ट फी किंवा वकिलाची फी मला जड गेली नाही. हा प्रवास मात्र असह्य झाला. अखेर २५,००० रुपयांवर तडजोड पुरशिस (तडजोड झाल्याचे लेखी निवेदन) न्यायालयात देऊन मी मोकळा झालो.

पुढे सौर बंबाच्या ठेकेदाराने ४६,००० रुपये घेऊन काम केले नाही, तेव्हा मी आयोगाकडे गेलो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ मुळे तक्रारदाराला आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. तक्रार आणि शपथपत्र मी स्वतः लिहिले, सोबत पावती व मोबाइलवरील संदेश जोडले. निकालासाठी कायद्यात ३ महिन्यांची अपेक्षा आहे, मला १४ महिने लागले, हे सांगितलेच पाहिजे. तरीही तारखेला अर्ध्या दिवसात काम उरकून मी कचेरीत परत जात असे. विरुद्ध पक्षाला म्हणणे मांडण्यास ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात, याचाही मोठा आधार वाटला.

अर्थात हातउसने दिलेले पैसे किंवा धंद्यासाठी केलेली खरेदी आयोगात चालत नाही, आणि तक्रारीची मुदत २ वर्षांची आहे. वसुलीच्या दाव्याला सर्वसाधारणपणे ३ वर्षे मिळतात. ठरावीक रकमेचा लेखी करार किंवा न वटलेला धनादेश हाती असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खालील संक्षिप्त दावा कदाचित अधिक सोयीचा ठरेल, कारण त्यात बचाव करण्यासाठीही प्रतिवादीला परवानगी मागावी लागते. घरगुती वस्तू वा सेवेबद्दलची तक्रार असेल आणि २ वर्षे उलटली नसतील, तर मात्र मी आयोगच सुचवीन.

आयोगाने माझ्या बाजूने दिलेल्या आदेशानंतरही ठेकेदाराने पैसे दिले नव्हते. आदेश न पाळणाऱ्यास ग्राहक संरक्षण कायद्याच्याच कलम ७२ खाली १ महिन्यापासून ३ वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो, म्हणून मी त्या कारवाईच्या अर्जाचा मसुदा करून त्याला त्याची प्रत पाठवली. आठवडाभरात व्याजासह रक्कम माझ्या खात्यात जमा झाली.