सोलर झटका मशीन: रानडुकरांवर खरंच चालते का? (खरीप-रब्बी दोन्हीत वापरून)

आमचं वावर चंद्रपूर जिल्ह्यात, जंगलाला लागून. खरिपात सोयाबीन, मग हरभरा. डुकरांचा कळप घुसला की खातात कमी अन् नासवतात जास्त, हरभऱ्याला घाटे धरले की तर विचारूच नका, रात्रभर जागल करून माणूस दिवसा काम काय करणार? म्हणून वावराभोवतीच्या तारेत विजेचे झटके सोडणारी ही झटका मशीन बसवली. मशीनला 5 पैकी 4 स्टार.

12 व्होल्टची बॅटरी, दिवसा पॅनलवर चार्ज होते, तारेत साधारण सेकंदाला एक झटका सोडते. व्होल्टेज हजारांत असलं तरी झटका क्षणभराचाच, त्यामुळे जनावर मरत नाही, बिचकून पळतं.

एक स्टार कापला तो फिटिंगचा. डीलरच्या माणसाने सगळ्यात खालची तार गुडघ्याएवढी वर ओढली. अहो, डुक्कर नाक जमिनीला लावून हुंगत येतं, अंगावर राठ केस, पाठीला तार घासली तर त्याला काय फरक पडतो! ओलं नाक तारेला लागलं पाहिजे. तार वीतभर उंचीवर घेतल्यावर सकाळी धुऱ्यावर (बांधावर) खुरांचे ठसे दिसायला लागले, तारेपर्यंत आलेले अन् तिथूनच माघारी वळलेले.

दुसरं अर्थिंग, म्हणजे मशीनची जमिनीशी जोडणी. डीलरच्या माणसाने त्यासाठी एकच आखूड रॉड ठोकला होता. काळी माती वाळून भेगाळली की अशा अर्थिंगवर झटका लागतच नाही, लांब रॉड हवेत, दोन-तीन हवेत, अन् रब्बीत तिथे पाणी ओतत राहायचं. पावसाळ्यात उलटं, तण तारेला टेकलं की करंट जमिनीत उतरतो, धुरा साफ ठेवावाच लागतो. हे कुठलाच दुकानदार स्वतःहून सांगत नाही, म्हणून एवढं लिहितोय.

अन् हात जोडून सांगतो, पैसे वाचवायला घरची लाईन थेट तारेत सोडू नका. गुन्हा तर आहेच, पण त्यात माणसं गेलीत, गुरं गेलीत, वाघ गेलेत.

घ्यायच्या आधी वनखात्यात श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेची चौकशी करा, जंगलालगतच्या गावांना सोलर कुंपणाला अनुदान आहे. तरीही डुक्कर घुसलंच तर लगेच अर्ज टाका, पंचनामा झाल्याशिवाय भरपाई मिळत नाही. अन् मशीनसोबत टेस्टर मागून घ्या, लांबच्या टोकाला झटका पोचतोय का ते डीलरसमोरच बघा, मगच पैसे द्या.