दहा महिने वापरल्यावर: एफपीएस न वाढवणारा तो डबा

माझ्या पीसीचा हा अनुभव मी सहाव्या महिन्यातच लिहून ठेवला होता. त्यात एक वाक्य होतं: "एसएमपीएसवर पैसे घालवू नका, त्याने एफपीएस वाढत नाहीत." एसएमपीएस म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, आणि एफपीएस म्हणजे गेममध्ये सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम. आज मसुदा उघडून बरंच काही खोडलं, हे वाक्य मात्र मुद्दाम ठेवलंय. पुढची सगळी रड त्याचीच आहे.

पार्ट नेहमीचेच. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० बोर्ड, आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड, एक एनव्हीएमई एसएसडी, आणि जुन्या पीसीतून काढलेली १ टीबीची हार्ड डिस्क. चालती वस्तू बाजूला ठेवणं माझ्याच्याने होत नाही. आधी ५६००जी (ग्राफिक्स आतच असलेला प्रोसेसर) घेऊन कार्डाचं पुढे बघू, असा विचार होता. नाही घेतला ते बरं झालं. त्यात एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) १६ एमबी, ५६००मध्ये ३२. शिवाय ५६००जी पीसीआयई ३.० वरच (कार्ड आणि एसएसडी जोडणाऱ्या मार्गाची जुनी, हळू पिढी) थांबतो, बोर्ड बी५५० असला तरी. म्हणजे बोर्डाला मोजलेले जादा पैसे वाया. कार्डाबद्दल तक्रार नाही. १०८०पीला त्याची ८ जीबी मेमरी मला आजवर पुरलीय.

रॅमच्या बाबतीत मसुद्यातला एक आख्खा परिच्छेद मागे घेते. ८ जीबीची एकच स्टिक घेतली होती, दुसरी "नंतर बघू". गेममध्ये मधूनच गचके बसायचे आणि मी ठणकावून लिहिलं होतं की प्रोसेसर कमी पडतो. दुसरी स्टिक आली, प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत दोन्ही बसवल्या, आणि गचके जवळजवळ गेले. ड्युअल चॅनेलचा (दोन स्टिक एकाच वेळी वापरण्याचा) फरक किती, जागा वाढल्याचा किती, ते वेगळं काढता येणार नाही. त्याच दिवशी टास्क मॅनेजरमध्ये दिसलं की ३२०० ची रॅम इतके महिने २१३३ वर चालत होती. बायॉसमध्ये जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, चालू करायचं राहिलं होतं. प्रोसेसरची माफी मागितली.

आता त्या डब्याकडे. सातव्या महिन्यात गेम चालू असताना पीसी खाडकन बंद पडून आपोआप पुन्हा सुरू व्हायला लागला. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची नोंदवही) "कर्नल-पॉवर ४१". त्याचा अर्थ एवढाच की मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं, जे मी डोळ्यांनी पाहिलंच होतं. नुसता स्क्रीन काळा होऊन पंखे फिरत राहिले, तर आधी कार्ड किंवा ड्रायव्हर बघायचा. प्लग ओढल्यासारखं सगळंच गेलं, तर पहिला संशय पॉवरवर. माझं दुसऱ्या प्रकारातलं होतं, हे पहिल्या दिवशी कळत होतं. तरी दोन शनिवार-रविवार रॅमची रात्रभर चाचणी आणि ड्रायव्हर पुसून परत टाकणं यात घालवले, कारण ते उपाय फुकट होते. शेवटी कार्डावरचा भार कमी करायला फ्रेम सेकंदाला ६० वर बांधले. तीन दिवस काही झालं नाही. बांधलेले सोडले, वीस मिनिटांत गेला.

तेव्हा पहिल्यांदा एसएमपीएसचा स्टिकर वाचला. खोक्यावर मोठ्ठे ५०० वॅट. स्टिकरवर १२ व्होल्टच्या रकान्यात ३० अँपिअर, म्हणजे ३६० वॅट. प्रोसेसर आणि कार्ड जवळजवळ सगळं याच लाइनवरून ओढतात, त्यामुळे खोक्यावरच्या आकड्याला फारसा अर्थ नाही. ८० प्लसचा शिक्का बघून मी निर्धास्त होते, पण तो वीज किती वाया जाते एवढंच सांगतो, आतल्या संरक्षणाबद्दल चकार शब्द नाही. खरं तर ६५ वॅटचा प्रोसेसर आणि १३२ वॅटचं कार्ड, ३६० सुद्धा पुरायला हवेत. पण कार्ड क्षणभर त्याच्या सरासरीच्या बरंच वर उसळी घेतं. तीच झेपत नसावी, असा माझा अंदाज.

सर्व्हिस सेंटरमध्ये २४ पिनच्या कनेक्टरमध्ये हिरवी आणि काळी वायर जोडली (त्याने एसएमपीएस पीसीशिवायच चालू होतो), पंखा फिरला. "मॅडम, ओके आहे." अहो, लोड नसताना पंखा तर फिरणारच! सपाट रस्त्यावर चालणारी आणि चढावर दम तोडणारी गाडी उभ्या-उभ्या स्टार्ट करून काय कळणार? तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला तिथल्या एका मुलाने तो पीसीला लावून लोड दिला आणि माझ्यासमोर बंद पडला. जुनं मॉडेल येत नव्हतं, म्हणून त्याच कंपनीचं नवं मिळालं, केबलसकट. इथवर मी खुशीत होते.

आता माझा शहाणपणा. एसएमपीएस सेमी-मॉड्युलर, म्हणजे काही केबल काढता-लावता येणारा. कार्डाची केबल नवी लावली, पण हार्ड डिस्कची साटा केबल बोर्डामागून फिरवून टायने आवळलेली होती. कंपनी तीच, प्लग तोच, खट्कन बसलाही. कशाला सोडवा? बटण दाबलं, टक् आवाज, जळका वास, सगळं गप्प.

केबलच्या डिस्ककडच्या टोकाला ठरलेलं मानक आहे. एसएमपीएसकडच्या टोकाला नाही. कुठल्या पिनमध्ये १२ व्होल्ट आणि कुठल्या पिनमध्ये ५, हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते, आणि एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही ते बदलू शकतं. माझ्या डिस्कच्या ५ व्होल्टच्या लाइनवर १२ गेले. डिस्कच्या सर्किटवर अशा वेळी स्वतः शॉर्ट होऊन बाकीच्यांना वाचवणारा एक डायोड असतो, तो कामी आला. दुरुस्तीवाल्याने मल्टिमीटरने तो शोधून काढून टाकला आणि डिस्क फिरली. आता तिला ते संरक्षण नाही, म्हणून आधी सगळा डेटा उतरवून घेतला. या भानगडीत गेलेल्या पैशांत पहिल्याच दिवशी बरा एसएमपीएस आला असता, हे कोणी सांगू नका, माझा हिशेब झालाय.

नवा डबा तीन महिने गप्प आहे, फ्रेम मोकळे सोडूनही. आरएक्स ६६०० आणि ५६०० डोळे झाकून घ्या. एसएमपीएस डोळे उघडे ठेवून, १२ व्होल्टचा रकाना वाचून. आणि तो बदललात तर टाय कापा, जुनी केबल एकही ठेवू नका.

माझ्या जुन्या केबल लाल चिकटपट्टी लावून खोक्यात आहेत. त्या ज्याला लागतील असा एसएमपीएस घरात नाही, पण फेकवत नाहीत.