लाकडी सेग्विन फॉर्म बोर्ड: तिन्ही ऋतू वापरून झाल्यावर

शंकरपाळं अडकतं. म्हणजे त्या आकाराचा ठोकळा. मूल खाचांत ठोकळे बसवतं तो वेळ मोजून मानसिक वय काढायच्या या बोर्डाबद्दल माझं मुख्य म्हणणं एवढंच आहे, पण ते का अडकतं आणि अडकल्यावर मुलाच्या रिपोर्टचं काय होतं, हे सांगायला जरा जागा लागेल.

ज्यांच्या कपाटात व्हीएसएमएसचे (आईच्या मुलाखतीवरून मुलाचं रोजचं वागणं-जमणं मोजायची चाचणी) कागद, बिने-कामत या बुद्धिमापन चाचणीची पेटी आणि स्टॉपवॉच आहे, त्यांना हा बोर्ड नव्याने सांगायला नको. दहा खाचा, दहा ठोकळे, तीन प्रयत्न, त्यातला सर्वात कमी वेळ धरायचा, तक्त्यातून मानसिक वय काढायचं. कॉन्व्हेंटपासून जिल्हा परिषदेच्या शाळेपर्यंत कुठलंही मूल आणा, भाषेचा अडसर जवळजवळ नाही. डब्ल्यूआयएससी या बुद्धिमापन चाचणीच्या किटपुढे किंमत किरकोळ. म्हणून संस्था डोळे झाकून हाच बोर्ड मागवतात, आणि पुरवठादारही डोळे झाकूनच पाठवतात असं दिसतं.

कोकणात जुलैमध्ये हवेतला दमटपणा नव्वदीला टेकतो. लाकूड हवेतली ओल पितं आणि फुगतं, पण सगळीकडून सारखं नाही. रेषांच्या दिशेने जवळजवळ नाहीच, आडव्या दिशेने मात्र सहा-सात सेंटिमीटरच्या ठोकळ्यात अर्धा-एक मिलिमीटर सहज. गोल आणि लंबगोल तेवढं निभावून नेतात. समभुज चौकोनाची, म्हणजे मुलांच्या भाषेत शंकरपाळ्याची, दोन टोकं निमुळती असतात आणि तिथे अक्षरशः पाचर बसते. मूल ठोकळा बरोबर खाचेवर, बरोबर दिशेने ठेवतं, तो अर्धा आत जातो आणि थांबतो. चांदणी आणि अधिकच्या चिन्हाचंही होतं, पण शंकरपाळ्याइतकं नाही.

दुसऱ्या कुठल्या साधनात हे खपून गेलं असतं. इथे सेकंद म्हणजेच गुण. तीन-चार वर्षांच्या मुलांच्या तक्त्यात एका ओळीतून दुसऱ्या ओळीत जायला बरेच सेकंद असतात, त्यामुळे थोडं अडलं तरी चालतं. सात वर्षांच्या पुढे ओळींमधलं अंतर एक-दोन सेकंदांवर येतं आणि अडकलेला एक ठोकळा तेवढे सेकंद आरामात खातो. हिशेब करून पाहा. मूल सहा वर्षांचं, म्हणजे ७२ महिने. मानसिक वय पाच वर्षं आलं तर ६० भागिले ७२ गुणिले १००, म्हणजे ८३. अर्ध्या वर्षाची एकच ओळ खाली घसरली तर ५४ भागिले ७२ गुणिले १००, म्हणजे ७५. आठ गुण गेले, तेही सुताराच्या खात्यातले.

याहून चीड आणणारा प्रकार चुकांच्या रकान्यात होतो. काही जण वेळेबरोबर चुकाही नोंदवतात, नोंदवाव्यातच. शंकरपाळं बरोबर जागी ठेवलेलं मूल ते आत जात नाही असं पाहून काय करतं? 'ही जागा नाही वाटतं' म्हणून ठोकळा उचलतं आणि दुसऱ्या खाचेवर लावून बघतं. नोंद होते चूक म्हणून. चुणचुणीत मूल इथे जास्त फसतं, कारण ते अनुभवावरून आपला विचार बदलतं. हट्टी मूल तळहाताने ठोकून बसवतं आणि वेळ वाचवतं. पावसाळ्यात असा जिद्दी ठोक्या चांगला ठरतो!

पुरवठादाराशी झालेल्या बोलण्याचं सार: 'मॅडम, लाकूड आहे, फुगणारच. पॉलिश पेपर मारा.' हा सल्ला कोणीही ऐकू नका. जुलैत घासलेला ठोकळा मार्चमध्ये खाचेत खुळखुळतो. मग उन्हाळ्यातली मुलं भराभर बसवतात आणि तुमच्या रजिस्टरमध्ये एप्रिलची मुलं जुलैच्या मुलांपेक्षा हुशार दिसू लागतात. विदर्भातल्या कोरड्या हवेत तर न घासताच ठोकळे सैल पडतात, हे तिकडच्यांनी लक्षात घ्यावं.

आधी दोष ठोकळ्यात आहे की बोर्डात, ते ठरवा. शंकरपाळ्यावरून कळत नाही, चौरस घ्या. तो खाचेत बसवा, कुठल्या दोन बाजूंना घट्ट लागतो ते बघा. मग ९० अंशांत फिरवून पुन्हा बसवा. घट्टपणा ठोकळ्याबरोबर फिरला तर ठोकळा फुगलाय. खाचेच्या त्याच दोन बाजूंना राहिला तर बोर्ड फुगलाय. बोर्ड प्लायवूडचा असेल तर सहसा ठोकळाच दोषी निघतो, कारण प्लायमध्ये थर आडवे-उभे असल्याने तो फारसा हलत नाही. एमडीएफचा, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीचा, असेल तर खाचांच्या कडा बोटाने चाचपा. एमडीएफ एकदा पाणी पिऊन फुगला की वाळल्यावरही परत बसत नाही. असा बोर्ड थेट बाद करा, दुरुस्तीवर पैसे घालू नका.

आणि सॅनिटायझर. कोविडनंतर प्रत्येक मुलामागे ठोकळ्यांवर फवारा मारायची सवय लागली. ठोकळ्यांना लाखेचं पॉलिश असेल तर अल्कोहोलमध्ये ते विरघळतं, बाजू चिकट होतात, आणि लाकूड फुगलेलं नसतानाही ठोकळा खाचेत चिकटून येतो. साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून, घट्ट पिळून पुसा, लगेच कोरडं करा. लहान मुलं ठोकळा तोंडात घालतात, त्यामुळे न पुसणं हाही पर्याय नाही.

इथवरच्या अनुभवावर दोनच तारे द्यायचे ठरवले होते, आणि शिफारस प्लॅस्टिकच्या बोर्डाची. प्लॅस्टिकचा मागवून वापरून पाहिला. फुगत नाही, धुता येतो, रंग उडत नाही. पण ठोकळा हलका, हातात वजन लागत नाही, खाच उथळ, आणि एक ठोकळा बसवताना कोपराचा धक्का लागला की शेजारचा उडून बाहेर येतो. शिवाय तक्ते बनले ते लाकडी बोर्डावर. दुसऱ्या वजनाच्या, दुसऱ्या खोलीच्या बोर्डावरचे सेकंद त्या तक्त्यात घालायचे म्हणजे पुन्हा तोच घोळ, फक्त बाराही महिने. लाकडी निदान चार महिनेच छळतो. प्लॅस्टिकचा बोर्ड सध्या वेटिंगमधल्या भावंडांना खेळायला दिला आहे, तिथे तो उत्तम आहे. अर्थात ज्याची चाचणी व्हायची आहे त्या मुलाच्या हाती तो आधी लागू द्यायचा नाही, नाहीतर सरावाचा फायदा फुकट मिळतो.

सरावाचा मुद्दा बालवाडीच्या मुलांनाही लागू आहे. एदुआर सेग्विन या फ्रेंच डॉक्टरने हा बोर्ड मुळात शिकवायला बनवला होता, मोजायला नाही. मॉन्टेसरीबाईंनी त्याच्याकडून बरंच घेतलं, भौमितिक आकारांच्या खाचाही त्यातल्याच. सेकंदांचा हिशेब नंतरचा, अमेरिकेत व्हाइनलँडच्या शाळेत मानसशास्त्रज्ञ गॉडार्डच्या काळातला. व्हीएसएमएसचं मूळही त्याच व्हाइनलँडचं आणि भारतीय रूप नागपूरचं, मालिनसाहेबांचं. तर मॉन्टेसरी बालवाडीतलं मूल समोर आलं की आधी विचारा, असे ठोकळे रोज हाताळतं का. हाताळत असेल तर रिपोर्टमध्ये तसं लिहा.

वेळेच्या बाबतीतही मत थोडं निवळलं. तीनपैकी सर्वात कमी वेळ धरायची पद्धत म्हणजे चुकून झालेल्या अडथळ्याला माफी आहे. एका प्रयत्नात शंकरपाळं अडलं, पुढच्या दोनांत सरळ गेलं, तर निकाल बिघडत नाही. बिघडतो तो तिन्ही वेळा अडलं तर. तेव्हा प्रत्येक प्रयत्नाचा वेळ वेगळा लिहा आणि कुठला ठोकळा अडला त्याची समासात खूण करा. तिन्ही प्रयत्नांत एकाच ठोकळ्यासमोर खूण दिसली तर त्या दिवशीचं मानसिक वय काढू नका. कलर्ड प्रोग्रेसिव्ह मॅट्रिसेस ही चित्रांची बुद्धिमापन चाचणी हाताशी असेल आणि मूल पाचच्या पुढचं असेल तर ती घ्या. ३६ चित्रं, घड्याळ नाही, फुगणारं काही नाही.

आता जे केल्यावर बोर्ड सुधारला ते. हवाबंद झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, तळाशी सिलिका जेलच्या पिशव्या, आणि बोर्ड चाचणीपुरताच बाहेर. रंग बदलणारे दाणे असलेली सिलिका घ्या म्हणजे कधी तापवून सुकवायची ते कळतं. ठोकळ्यांच्या बाजूंना, कोरड्या ऋतूत, पॉलियुरेथेनचा एकच पातळ हात. जाड हात दिला तर तोच अर्धा मिलिमीटर वाढतो. मेण लावू नका, मुलाच्या बोटांना लागतं आणि ठोकळा निसटतो. सकाळी पहिल्या मुलाआधी दहाही ठोकळे स्वतः बसवून पाहा. प्रत्येक ठोकळा फक्त स्वतःच्या वजनाने खाली गेला पाहिजे, बोटाने दाबावं लागलं तर बोर्ड त्या दिवशी कपाटात.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. पेटीबरोबर आलेला नॉर्म्सचा, म्हणजे सेकंदांवरून मानसिक वय काढायच्या तक्त्याचा, कागद झेरॉक्सची झेरॉक्स होता, त्यावर वर्ष नाही, नमुना कुठला ते नाही. असे निरनिराळे तक्ते फिरत असतात, तेव्हा कोणता वापरला ते रिपोर्टमध्ये लिहा. ठोकळे तीन ढिगांत मांडायचे ते दर वेळी मॅन्युअलमधल्याच क्रमाने. मोबाइलचं स्टॉपवॉच नको, ऐन वेळी फोन येतो. सूचना साधी ठेवा: 'सगळे ठोकळे आपापल्या घरात ठेव, पटापट.' सिंधुदुर्गातल्या मुलाला 'पटापट' कळलं नाही तर 'बेगीन बेगीन' म्हणा, पण मग तिन्ही प्रयत्नांत तेच म्हणा.

या बोर्डाच्या आकड्याला बुद्ध्यांक म्हणू नका, हे पालकांपेक्षा सहकाऱ्यांना जास्त सांगावं लागतं. आकार ओळखणं, डोळा-हात मेळ आणि हाताचा वेग, एवढंच तो पाहतो. स्वमग्न मूल यात वयाच्या पुढे जाऊ शकतं आणि बोलण्या-मिसळण्यात खूप मागे असतं. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाचा वेळ हाताच्या स्नायूंचा असतो. प्रमाणपत्राची टक्केवारीही बोर्डावर ठरत नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, त्याखालच्या २०१८ च्या सूचनांत बौद्धिक अक्षमतेची टक्केवारी व्हीएसएमएसच्या गुणांवर होती (२०२४ मध्ये नव्या सूचना आल्या): ७० ते ८४ ला २५ टक्के, ५५ ते ६९ ला ५० टक्के. सवलतींची रेघ ४० टक्क्यांवर. त्या हिशेबाने ७० आणि ६९ मधला एक गुण आईच्या मुलाखतीत ठरायचा, आणि नेमक्या त्या मुलाखतीआधी आपण बोर्डावर ७५ पाहिलेले असतात की ८३, याचा परिणाम प्रश्न विचारणाऱ्याच्या डोक्यावर होतो. म्हणून व्हीएसएमएस आधी घ्या, बोर्ड नंतर.

तारे शेवटी साडेतीन. अर्धा कापला तो बदली ठोकळ्यामुळे. खूप मेल केल्यावर पुरवठादाराने नवं शंकरपाळं पाठवलं. माप बरोबर, पण रंग बाकीच्या नऊंपेक्षा फिकट. ढिगातून तो एकटा उठून दिसतो, मूल आधी तोच उचलतं आणि त्या आकारापुरती चाचणी सोपी होते. परत पाठवला आणि दहाचा पूर्ण संच मागितला, एकाच लाकडाचा, एकाच रंगाचा. संच द्यायला ते तयार आहेत, कुरिअरचा खर्च मात्र आमच्या संस्थेने द्यावा म्हणतात. तो दिलेला नाही.